खर्जाचा माग : तुळई, तार आणि जुने मशीन

‘खर्ज’ हा शब्द ‘षड्ज’वरूनच आला. पण संस्कृतातून मराठीत उतरताना त्याचा अर्थही जणू एक सप्तक खाली उतरला. षड्ज म्हणजे कुठलाही सा. खर्ज म्हणजे खालचा, छातीत घुमणारा सा. गवई पहाटे खर्ज भरतात, तंबोऱ्याची चौथी तार खर्जाची असते, आणि एखाद्याचा आवाज भारदस्त असला की तो ‘खर्जातला’ असे आपण सहज म्हणतो. या लेखात मला त्या खालच्या आवाजाचा माग काढायचा आहे. मात्र गायकीच्या अंगाने नव्हे, तर लाकूड, तार, चुंबक आणि काचेच्या वॉल्व्हचे जुने अ‍ॅम्प्लिफायर यांच्या अंगाने. निमित्त एका बेस गिटारचे आहे. ती औशात बनली, तिचे लाकूड किल्लारीच्या बाजूचे आहे आणि ती ज्या मशीनमधून वाजते ते मशीन एकेकाळी जत्रांतून फिरलेले आहे. मी भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे मधूनमधून आकडे येतील. ते टाळले तर मुद्दाच हातातून निसटेल.

बेस गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. हवेत त्या स्वराची एक लहर साधारण सव्वाआठ मीटर लांब असते, म्हणजे एसटी बसच्या जवळपास पाऊणपट. एवढी लांब लहर हवेत ढकलायची तर ढकलणारा पृष्ठभागही मोठा लागतो. शिवाय माणसाचा कान खालच्या स्वरांच्या बाबतीत चांगलाच बहिरा आहे. फ्लेचर आणि मन्सन या दोन अमेरिकी संशोधकांनी १९३३ मध्ये कानाच्या या पक्षपाताचे आलेख काढले. सेकंदाला हजार कंपनांचा स्वर जेमतेम ऐकू येण्यासाठी जेवढी ऊर्जा लागते, तिच्या सुमारे एक लाखपट ऊर्जा चाळीस कंपनांच्या स्वराला लागते. म्हणजे खर्ज निर्माण करणे कठीण, आणि निर्माण झालेला ऐकू येणे त्याहून कठीण.

आता आपल्या भागातल्या कानांकडे पाहू. लातूरची सिद्धेश्वराची यात्रा, माळेगावचा खंडोबा, तुळजापूरचे नवरात्र, गावोगावचे उरूस, सप्ताह, लग्ने, तंबूतला सिनेमा आणि निवडणुकीच्या सभा. मराठवाड्यातल्या दोन-तीन पिढ्यांनी विजेवरचे संगीत पहिल्यांदा ऐकले ते भोंग्यातून. देशात हे यंत्र रुजवले ते ‘शिकागो रेडिओ’ या नावाने काम करणाऱ्या मोटवाने कुटुंबाने. नाव अमेरिकी असले तरी मंडळी सिंधची, आणि पुढे मुंबईची. स्वातंत्र्य चळवळीतल्या सभांची जुनी छायाचित्रे पाहा. पुढाऱ्यांपुढच्या मायक्रोफोनवर ‘शिकागो’ची पाटी हमखास दिसते. १९४० मध्ये दिल्लीत आहुजा रेडिओज सुरू झाली, आणि पुढे मंडपवाल्यांच्या तोंडी ‘आहुजा’ हे कंपनीचे नाव न राहता वस्तूचेच नाव झाले. आमच्याकडे अ‍ॅम्प्लिफायरला कुणी अ‍ॅम्प्लिफायर म्हणत नाही, ‘मशीन’ म्हणतात.

भोंगा बोलण्यासाठी बनला आहे. कर्ण्याच्या तोंडाचा घेर लहरीच्या लांबीच्या आसपास असेल तोवरच तो आवाज नीट बाहेर टाकतो. सोळा इंची तोंडाच्या भोंग्याचा घेर सव्वा मीटर भरतो. सव्वा मीटरच्या लहरीची कंपनसंख्या २७० च्या आसपास येते. त्याखालचे सगळे भोंग्याच्या घशातच राहते. म्हणजे जत्रेत लांबून ऐकलेल्या गाण्यात ढोलकीची धुम, सिनेमातल्या गाण्याचा बेस आणि तंबोऱ्याचा खर्ज यांतले प्रत्यक्षात काहीच आपल्यापर्यंत पोहोचलेले नव्हते.

तरीही ते आपण ऐकले. माझ्या दृष्टीने हा या विषयातला सर्वांत सुंदर भाग आहे. कुठल्याही तारेतून एकच स्वर निघत नाही. मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे स्वर बरोबरच निघतात. गायक मंडळी त्यांना स्वयंभू स्वर म्हणतात. हे वरचे स्वर ठरावीक अंतराने कानावर पडले की मेंदू त्यांच्या तळाशी असायला हवा असा स्वर स्वतःच मांडून घेतो. ऑगस्ट झेबेक या जर्मन शास्त्रज्ञाने १८४१ मध्ये फिरत्या तबकडीच्या भोंग्यावर हा प्रकार दाखवला. १९४० च्या सुमारास हॉलंडच्या स्काउटेनने तो पुन्हा पक्का केला. रोजचा दाखला टेलिफोनचा. जुन्या फोनमधून तीनशे कंपनांखालचे काही जात नसे. पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर शंभर-सव्वाशेच्या आसपास असतो. तरी फोनवर वडील बोलले की ते बायकी आवाजात बोलताहेत असे कुणाला वाटले नाही. खर्ज कधीकधी हवेत नसतो, ऐकणाऱ्याच्या डोक्यात असतो. त्याला तिथे बोलावणारे वरचे स्वर तेवढे हजर असावे लागतात.

तंबोरा बनवणाऱ्यांना हे कुठल्याही प्रयोगशाळेच्या आधी उमगले होते. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाच्या तंबोऱ्यातली खर्जाची तार ६९ कंपनांची असते. म्हणजे ती थेट बेस गिटारच्या मुलखातली आहे. पण आपण तंबोऱ्याच्या तारेत ऐकतो काय? नीट जुळलेल्या खर्जातून गंधार बोलतो. तो पाचपट कंपनांचा स्वर, म्हणजे साधारण ३४६. भोंग्याची वेस ओलांडून तो आरामात बाहेर पडतो! सप्ताहाच्या मंडपात मूळ खर्ज मशीनमध्येच अडला तरी स्वयंभू गंधार शिवारभर जातो आणि आपल्या पाठीमागून खर्जाला ओढून आणतो.

हे साधते ते जवारीमुळे. तंबोऱ्याची घोडी सपाट वाटली तरी तिला अगदी हलकी गोलाई असते. तार तिच्यावर सरळ टेकत नाही. कंप पावताना हस्तिदंती किंवा हाडाच्या पृष्ठभागाला पुन्हा पुन्हा शिवते, सुटते, शिवते. खाली सुताचा धागा सरकवून ही शिवाशिव नेमकी करायची. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये यावर छोटासा निबंध लिहिला. तार ज्या बिंदूवर छेडली तिथे ज्या उपस्वरांची हालचाल शून्य असते ते उपस्वर उमटू नयेत, असा जुना नियम होता. तंबोरा तो नियम सर्रास मोडतो, असे रामन यांनी दाखवले. घोडीशी होणारी घसट तारेतली थोडी ऊर्जा खालून वर उचलून ठेवते. थोडक्यात, जवारी ही खर्ज ऐकू येण्यासाठी केलेली सोय आहे.

हे काम प्रत्यक्ष पाहायला मी मिरजेला गेलो. आम्हा लातूर जिल्ह्यातल्या लोकांना मिरज म्हटले की आधी २०१६ मधली पाण्याची रेल्वे आठवते. पण हा लोहमार्ग जुना आहे. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी लातूरला मिरजेशी जोडत असे. मिरजेतले तंतुवाद्यांचे कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार आणि चकाकी देणारे. एकोणिसाव्या शतकात संस्थानांतली शस्त्रांची मागणी आटली आणि फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी हात वाद्यांकडे वळवला. भोपळे पंढरपूर भागातले. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले ते या गल्लीच्या पथ्यावरच पडले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तिथे एका कारागिराच्या ओट्यावर मी दुपारभर बसलो. घोडीवरून कानस एकदा फिरवायची, तार चढवायची, ऐकायचे, उतरवायची, पुन्हा कानस. माझ्या डोक्यातल्या गिटारचा आराखडा त्याला दाखवला तेव्हा त्याने एकच प्रश्न विचारला : “हिला जवारी कुठं?”

प्रश्न वरवर गमतीचा, पण पुढचे सगळे काम मी त्याच्याच उत्तरासाठी केले असे म्हणता येईल.

बेस गिटार हे वाद्य फार जुने नाही. त्याआधी पाश्चात्त्य वाद्यमेळात खालच्या स्वरासाठी माणसाएवढा उंच डबल बेस असे. तो वाहून न्यायला टपावर जागा लागे आणि ड्रम, ट्रम्पेटच्या गदारोळात तो ऐकूही येत नसे. कॅलिफोर्नियात रेडिओदुरुस्ती करणाऱ्या लिओ फेंडरने १९५१ मध्ये त्याला आडवे केले, पोकळ पेटी काढून भरीव फळी ठेवली, तारेखाली चुंबक बसवले आणि गळ्यावर पडदे मारले. पडद्यांमुळे स्वर नेमका लागतो म्हणून नाव ‘प्रिसिजन बेस’. घोडीपासून वरच्या टोकापर्यंत तारेची लांबी त्याने चौतीस इंच ठेवली; ती आजही बहुतेक ठिकाणी तशीच आहे. वाद्य लहान झाले पण मशीन मोठे झाले, कारण भरीव फळीला स्वतःचा आवाजच नाही. फेंडरने पाठोपाठ १९५२ मध्ये ‘बेसमन’ नावाचे अ‍ॅम्प्लिफायर काढले ते यासाठीच. पुढे मुंबईच्या सिनेसंगीतात हे वाद्य स्थिरावले. राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांतला टोनी वाझ यांचा बेस आपण सर्वांनी ऐकला आहे. बहुतेकांनी तीन-चार इंची स्पीकरच्या ट्रान्झिस्टरवर, म्हणजे खरे तर न ऐकता ऐकला आहे.

आता लाकडाकडे येतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी आमच्याच तालुक्यातल्या किल्लारी परिसरात भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती; गणपती बोळवून लोक दमून झोपले होते. सुमारे दहा हजार माणसे गेली आणि बावन्न गावे पुढे नव्या जागी वसवावी लागली. त्या पट्ट्यातल्या एका गावात माझे आजोळ. वाडा जुन्या पद्धतीचा, माळवदाचा. आत लाकडी खांब-तुळयांचे खण, बाहेर हात-दीड हात जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर फळ्यांवर मातीचा थर. थर दरवर्षी पावसाळ्याआधी नवी माती टाकून वाढत वाढत गुडघाभर झालेला. नंतर अभियंत्यांनी जे लिहिले ते आमच्या वाड्यालाही तंतोतंत लागू पडले. कित्येक घरांत लाकडाचा सांगाडा उभा राहिला. कोसळल्या त्या भिंती. आजी भिंतीलगत झोपली होती.

मामांनी पुढे नव्या गावठाणात पत्र्याचे आणि मग स्लॅबचे घर बांधले. जुन्या वाड्याचे सागवान मात्र त्यांना विकवेना, आणि नव्या घरात त्याचा उपयोगही होईना. आसपासच्या गावांतले कितीतरी खांब आणि नक्षीदार दरवाजे त्या काळात गाड्या भरभरून बाहेर गेले. पुण्या-मुंबईच्या हॉटेलांत असा एखादा दरवाजा दिसला की माझे लक्ष जेवणात राहत नाही. आमच्या तुळया औशाला आमच्या परसात आल्या आणि पत्र्याखाली तीस वर्षे पडून राहिल्या. त्यातल्या एकीच्या पोटाला लोखंडी कडीचे भोक होते. तिथे पाळणा टांगत. माझी आई, मामा, मावशी त्या कडीखाली झोपलेले. ही तुळई कापायची असे मी ठरवले तेव्हा मामांना विचारणे भाग होते. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “काप. पण चुलीत घालायचा भाग ठेवू नको कुठला.”

जुन्या लाकडाला जुना आवाज असतो, असे गिटारप्रेमी मंडळी श्रद्धेने सांगतात. मला मामांपुढे हे वाक्य वापरायचा मोह होता, पण ते मी वापरले नाही. कारण ते फारसे खरे नाही. सतारीत, तंबोऱ्यात, व्हायोलिनमध्ये तबली हवा हलवते, म्हणून लाकडाची जात, जाडी, वय यांना आवाजात मत असते. विजेच्या गिटारमध्ये चुंबकाला फक्त पोलादी तार दिसते. लाकडाचे काम तार ताणून धरायचे. चार तारांचा एकत्रित ताण साधारण पाऊण क्विंटल असतो आणि तो रात्रंदिवस गळ्याला वाकवत असतो. लाकडाचा परिणाम ऐकू येतो तो बहुधा उणा. गळा स्वतः ज्या कंपनसंख्येला डुलतो, नेमका तोच स्वर वाजवला तर लाकूड तारेतली ऊर्जा गिळते आणि तो स्वर लवकर मरतो. हेल्मुट फ्लायशर या जर्मन संशोधकाने अशा मेलेल्या जागा बेस गिटारवर मोजून दाखवल्या आहेत. तेव्हा चांगल्या लाकडाने ढवळाढवळ करू नये, एवढीच माझी अपेक्षा. शंभरएक पावसाळे पाहिलेले सागवान या कामाला योग्य. ते आता वळत नाही, फुगत नाही.

सुतारकाकांचे पहिले काम खिळे शोधण्याचे. तुळईत नऊ खिळे निघाले, त्यांतले दोन हाताने घडवलेले. सागवानात तेल असते आणि बारीक वाळूसारखा अंशही. रंध्याचे पाते त्यावर पटकन बोथट होते आणि तेलामुळे सरस धरत नाही. सांधा जोडण्याआधी दोन्ही कडा थिनरने पुसून लगेच चिकटवायच्या, ही युक्ती काकांची. तुळई नऊ इंच रुंद आणि गिटारची फळी तेरा इंच, म्हणून दोन तुकडे जोडले. पाळण्याच्या कडीचे भोक काका लाकडाच्या खुंटीने बुजवणार होते. ते राहू दिले. आवाज कमी-जास्त करायची कळ तिथेच बसवली. गळा सागवान आणि शिसवाच्या उभ्या पट्ट्यांचा, आत पोलादी सळई. ती पिळली की गळ्याचा बाक कमी-जास्त होतो. वरची बोटांची पट्टी अख्खी शिसवी. ब्राझीलच्या शिसवावर १९९२ मध्ये व्यापारबंदी आली तेव्हापासून जगभरच्या गिटारींवर आपले भारतीय शिसवच मोठ्या प्रमाणावर चढले आहे. २०१७ नंतर त्यालाही परवान्यांचे नियम लागले. दोन वर्षांनी तयार वाद्यांना सूट मिळाली. मराठी घरात शिसवी कपाट मोडीत काढणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

आणि या पट्टीवर मी पडदे मारले नाहीत. एक कारण मींड. पडद्यांच्या गिटारवर एका स्वरातून दुसऱ्यात घसरत जाता येत नाही. दुसरे कारण मिरजेच्या ओट्यावरचा तो प्रश्न. पडदा नसला की तार बोटाच्या पुढे थेट लाकडाला लगटून राहते आणि कंप पावताना शिसवाला पुन्हा पुन्हा शिवते. अमेरिकेत जॅको पॅस्टोरियसने सत्तरच्या दशकात बिनपडद्याच्या बेसवर जो गाता आवाज काढला त्याचे गुपित हेच. तंबोऱ्यात घसट घोडीपाशी होते, इथे ती बोटापाशी होते. पण जात एकच. पट्टीला लांबीच्या दिशेने किती खोलगट ठेवायचे, हे काका आणि मी सात दिवस कागदाच्या जाडीने मोजत होतो. जास्त सपाट केली तर तार खडखडते, जास्त खोल केली तर मुकी होते.

चुंबकाचे वेटोळे औशातच गुंडाळले गेले. आपल्याकडे विहिरीवरच्या मोटारी जळतात म्हणून रिवाइंडिंगची दुकाने गल्लोगल्ली आहेत. उन्हाळ्यात व्होल्टेज पडले की त्यांना श्वास घ्यायला सवड नसते. आमच्या मित्राच्या हाताला जाड तांब्याच्या तारेची सवय. इथे केसाएवढी, एक मिलिमीटरच्या सोळाव्या भागाची तार, आणि वेढे सुमारे दहा हजार. ही तार पुण्याहून मागवावी लागली. पहिली दोन वेटोळी तुटली तेव्हा त्याने यंत्राची मोटर काढून शिलाई मशीनचे पायडल जोडले आणि तिसरे निघाले. वेटोळी दोन केली. दोन तारांना एक, दोन तारांना दुसरे, एकाचे चुंबक आणि वेढे दुसऱ्याच्या उलट. यामुळे तारेचा आवाज बेरीज होऊन येतो आणि हवेतून आलेली विजेची गुणगुण वजा होते. फेंडरने १९५७ मध्ये ही युक्ती बेसवर आणली. आमच्याकडे थ्री-फेज कधी येईल आणि कधी जाईल याचा नेम नसताना तिची गरज कॅलिफोर्नियापेक्षा जास्त.

त्या गुणगुणीची एक गंमत आहे. आपली वीज सेकंदाला ५० फेरे घेते. पांढरी पाचचा सर्वांत खालचा उपयोगी स्वर ४९ कंपनांचा. म्हणजे भारतातले प्रत्येक नादुरुस्त मशीन पांढरी पाचमध्ये, किंचित चढे, गात असते. अमेरिकेत वीज ६० फेऱ्यांची, तिथली यंत्रे काळी पाच आणि पांढरी सातच्या मध्ये बेसूर गुणगुणतात. आपले नशीब जरा बरे म्हणायचे.

मशीन मात्र नवे घ्यायचे नव्हते. लातूरच्या एका मंडपवाल्याच्या माळ्यावर ते मिळाले. पाटीवरचे नाव घासून गेलेले, पत्र्याला पोपटी रंग, आत उंदराचे घरटे. शेवटच्या टप्प्यात ईएल ३४ वॉल्व्हची जोडी, म्हणजे तीस-पस्तीस वॉट. ते दुरुस्त करणारे चाचा सत्तरी पार केलेले. तंबू टॉकीजची मशिने त्यांनी हयातभर सांभाळली. त्यांनी झाकण उघडले, वास घेतला आणि म्हणाले, “सर, ये मशीन बोलने के लिए बनी है, गाने के लिए नहीं.”

त्यांचे म्हणणे काय होते ते सांगतो. वॉल्व्हच्या एका टप्प्यातून दुसऱ्यात आवाज जातो तो एका छोट्या कपॅसिटरमधून. तो जेवढा लहान तेवढे खालचे स्वर अडतात. आमच्या मशीनमध्ये ०.००२ मायक्रोफॅरडचा होता; पुढच्या रोधासह हिशेब केला तर १७० कंपनांखाली उतार सुरू. भाषणाला हे उत्तमच, माइकची फूफू कमी होते. चाचांनी तिथे दसपट मोठा लावला आणि वेस १७ वर आली. वाळून गेलेले फिल्टर कपॅसिटर बदलले, जुने वॉल्व्ह तपासून तेच ठेवले. वाचकांपैकी कुणाकडे असे मशीन असेल तर एक सांगणे : आत चारशे व्होल्ट असतात आणि वायर काढल्यावरही ते काही वेळ तिथेच बसून राहतात. जाणत्या माणसाशिवाय झाकण उघडू नये.

वॉल्व्हच्या मशीनचे वेड असणारे लोक ‘उबदार’ आवाजाबद्दल बोलतात. हा शब्द मला पुरेसा वाटत नाही. वॉल्व्ह आवाज नुसता मोठा करत नाही, त्यात भर घालतो. पहिल्या टप्प्यातला वॉल्व्ह मुख्यतः दुपटीचा स्वर वाढवतो. शेवटची जोडी थकायला लागली की तिपटीचा. सा दिला तर दुपटीचा स्वर वरचा सा, आणि तिपटीचा पंचम. ट्रान्झिस्टरचे साधे मशीन ताकदीबाहेर गेले की लाटेचा माथा एकदम कापते आणि सातपट, नऊपट, अकरापट असे कर्कश सोयरे आणते. वॉल्व्हला आधी घाम फुटतो, मग तो वाकतो. त्यातच या मशीनचे आउटपुट ट्रान्सफॉर्मर लहान. चाळीस कंपनांचा स्वर त्याला पुरता पेलत नाही, तिथेही थोडी घसट होते. म्हणजे मूळ खर्ज थोडा कमी आणि त्याला बोलावणारे वरचे स्वर थोडे जास्त. मिरजेच्या कारागिराला आता उत्तर देता येते. जवारी दोन ठिकाणी आहे : एक शिसवाच्या पट्टीवर, दुसरी काचेच्या नळीत.

मशीन चालू केल्यावर अर्धा मिनिट काहीच होत नाही. मग नळ्यांच्या पोटात नारिंगी तार दिसू लागते, तापल्या धुळीचा वास येतो आणि पंधरा इंची स्पीकरच्या बंद खोक्यातून हलकी पांढरी पाच उमटते. पहिल्यांदा वाजवले ते औशाच्या घरी, मामा-मामी आलेले असताना. मामा भजनी आहेत; औशाच्या नाथ संस्थानाचे चक्रीभजन ऐकत वाढलेले. त्यांनी काळी एकमध्ये अभंग धरला, मी खाली एकाच स्वरावर राहिलो. ६९ कंपने, तंबोऱ्याचीच तार. अभंग संपल्यावर त्यांनी गिटार मांडीवर घेतली, कळीभोवती अंगठा फिरवला. कडीचे भोक त्यांना सांगावे लागले नाही. “अजून एकदा वाजीव,” म्हणाले. “नुसतं खालचं.”

ईएल ३४ आता भारतात बनत नाही. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने साठच्या दशकात वॉल्व्ह काढायला सुरुवात केली होती, तो कारभार केव्हाच आटोपला. सध्या रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमधून येतात. चाचांनी जुन्या साठ्यातली एक जोडी कापसात गुंडाळून माझ्यासाठी ठेवली आहे. तुळईचे चार फूट उरले आहेत. मामींना त्यातून महालक्ष्म्यांसाठी दोन पाट हवेत. सुतारकाका म्हणतात, दोन्ही निघतील, पण एकाच्या कडेला खिळ्याचा काळा डाग येईल. मामींनी डागासकट द्यायला सांगितले आहे.